व्हीबीएस म्हणजे काय? उन्हाळी सुट्टीत चर्चमध्ये मुलांना बायबलच्या गोष्टी कशा सांगतात?

वार्षिक परीक्षा संपली की उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. चर्चच्या फाटकावरही एक फलक दिसतो : 'व्हीबीएस'. मग मोबाईलवर फोटो आणि रील्स फिरतात, सोबत प्रश्नही. ही शाळा आहे का? तिथे नेमकं काय शिकवतात? कोणाच्याही मुलाला पाठवता येतं का? समजून घेऊया.

व्हीबीएस म्हणजे काय?

व्हीबीएस म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल, अर्थात सुट्टीतली बायबल शाळा. नावात 'शाळा' असली तरी परीक्षा नसते, मार्क नसतात. साधारण पाच ते दहा दिवस, बहुतेक ठिकाणी ऊन चढायच्या आत, मुलं वयानुसार गटांत बसतात. अभिनयगीतं, एक गोष्ट, एका वचनाचं पाठांतर, चित्रकला किंवा हस्तकला, खेळ आणि खाऊ असा दिवस असतो. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम होतो. शिकवणारे बहुतेक मंडळीतलेच तरुण आणि संडे स्कूलचे शिक्षक असतात.

याची सुरुवात कुठे झाली?

१८९८ साली न्यूयॉर्कमध्ये. उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी एलायझा हॉज यांनी रोजची बायबल शाळा भरवली. जागा मिळाली ती भाड्याने घेतलेल्या बिअर हॉलची! पुढे रॉबर्ट बोव्हिल यांनी १९०१ पासून हा उपक्रम शहरभर आणि नंतर इतरत्र नेला.

मराठीत बायबलच्या गोष्टी मात्र त्याच्या कितीतरी आधी आल्या. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. लिपी रोमन, पण रचना मराठी ओवीतली. पुढे १८७० च्या दशकात अमेरिकन मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' हे मासिक सुरू केलं. ना. वा. तिलक यांनी हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. परकी गोष्ट मराठी वळणात सांगायची ही वाट जुनीच आहे.

धाराशिवमध्ये गोष्ट कशी पोहोचते?

सांगणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते. बायबलमधलं जग मेंढपाळांचं, शेतकऱ्यांचं आणि दुष्काळाचं आहे. धाराशिवच्या मुलाला ते समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. तीन उदाहरणं पाहू.

• पेरणाऱ्याचा दाखला : यात काही बी वाटेवर, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत पडतं आणि काही चांगल्या जमिनीत. तिफणीची सरळ ओळ पाहिलेलं मूल विचारणार, 'बी वाटेवर पडलंच कसं?' त्याला आधी हाताने बी फोकून पेरायची पद्धत सांगावी लागते. मुरमाड माळावर उगवलेलं रोप लगेच का सुकतं, हे मात्र त्यालाच जास्त ठाऊक असतं.

• योसेफाची गोष्ट : सात वर्षं सुकाळ, मग सात वर्षं दुष्काळ. सुकाळात पाचवा हिस्सा धान्य साठवायचा सल्ला योसेफ देतो. ज्या घरात आजी-आजोबा १९७२ चा दुष्काळ आणि धान्याची पेवं आठवतात, तिथे याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

• हरवलेलं मेंढरू : शंभरातलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याला शोधायला जातो. उस्मानाबादी शेळ्यांच्या या जिल्ह्यात पुढचा प्रश्न ठरलेला : 'मग त्या नव्याण्णवांकडे कोण बघणार?' चांगला शिक्षक हा प्रश्न झटकत नाही. एकासाठी एवढा धोका का पत्करला, हेच तर गोष्टीत सांगायचं असतं.

उलट 'गालील समुद्र' ऐकून मुलांच्या डोळ्यांसमोर मुंबईचा समुद्र येतो. प्रत्यक्षात ते सुमारे २१ किलोमीटर लांबीचं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. मोठा तलाव म्हटलं की वादळातल्या होडीचं चित्र चटकन उभं राहतं.

इतर धर्मांची मुलं गेली तर?

वाद होतो तो इथे. व्हीबीएस हे धार्मिक शिक्षण आहे, नुसतं संस्कार शिबिर नाही. आयोजकांनी ते स्पष्ट सांगायला हवं. संविधानाचं कलम २५ धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. मात्र प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं. कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. चर्चमधलं शिबिर म्हणजे अशी संस्था नव्हे. तरीही लेखी संमती घेणं दोन्ही बाजूंच्या हिताचं.

पाठवण्याआधी काय विचारावं?

• रोज कोणती गोष्ट आणि गाणी शिकवणार?
• मुलांसोबत कायम किमान दोन मोठी माणसं असतील का?
• ने-आण, पाणी आणि उन्हापासून बचावाची सोय काय?
• मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी परवानगी घेणार का?
• पालकांना बसून पाहता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला 'हो, या की' असं उत्तर मिळालं, तर एक दिवस मुलासोबत जाऊन मागे बसा. फॉरवर्ड झालेल्या रीलपेक्षा तिथे जास्त कळेल.