पायाखालची नावे

आमच्या गावच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवर माझ्या आजोबांचे नाव कोरलेले आहे. लहानपणी त्या पायरीवर पाय ठेवायला मी भीत असे. नावावर पाय पडला तर आजोबांना लागेल, अशी एक वेडी समजूत होती. आजी हसून म्हणे, "अरे, पाय पडावेत म्हणूनच घातलंय ते. येणाऱ्याजाणाऱ्याची पायधूळ लागते, ते पुण्य." पुढे पंढरपूरला नामदेवाची पायरी पाहिली आणि आजीचे म्हणणे पटले.

ही आठवण मला फार दूरच्या एका देशात झाली. माझा भाचा जॉर्डनमध्ये अम्मानला नोकरीस होता. त्याच्याकडे गेलो असता एके दिवशी त्याने मला उम्म अर-रसास या जागी नेले. उजाड माळ, जिकडेतिकडे पडलेल्या भिंतींचे ढिगारे, आणि मध्येच एक भलेमोठे छप्पर. या छपराखाली संत स्टीफनच्या चर्चची जमीन आहे. चर्च केव्हाच कोसळले; पण त्याच्याच मातीखाली गाडली गेल्यामुळे जमीन मात्र वाचली.

ही जमीन म्हणजे लहान लहान रंगीत दगडी खड्यांचे चित्र. चुन्याच्या ओल्या थरात एकेक खडा दाबून बसवावयाचा. पांढरा, तांबडा, काळा, पिवळा. आपल्याकडची ठिपक्यांची रांगोळी कायमची दगडात उमटली तर कशी दिसेल, तसे ते दिसते. द्राक्षांचे वेल, नगरांची चित्रे, मासे धरणारी मुले. आणि या सगळ्यांच्या मधून, कडेने, चौकटीत, ग्रीक अक्षरांच्या ओळी. अक्षरेही खड्यांचीच.

त्या ओळींत धर्माचे गूढ तत्त्वज्ञान असेल अशी माझी अपेक्षा. प्रत्यक्षात निघाली ती देणगीदारांची यादी! जॉर्डन, सीरिया, पॅलेस्टाईन, ग्रीस या सर्व मुलखांत चौथ्या शतकापासून चर्चच्या जमिनींवर असे लेख आढळतात. त्यांचा साचाही ठरलेला. अमक्या बिशपच्या काळात, अमक्याच्या खर्चाने, अमक्याच्या नवसापोटी किंवा मृतांच्या विश्रांतीसाठी ही जमीन खड्यांनी मढविली. हे प्रभो, तुझ्या सेवकाची आठवण ठेव. काही ठिकाणी तर फुटांचा हिशेब दिलेला असतो. सीरियातील अपामेआ येथे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात इ. स. 391 च्या सुमारास आलेक्सांद्रा नावाच्या बाईने आपल्या घरच्या सर्वांच्या कल्याणासाठी शंभर फूट जमीन करून दिल्याचे ग्रीक लेखात नोंदले आहे. इटलीतल्या आक्विलेया येथील चर्चमध्ये तर यानुआरिउस नावाच्या गृहस्थाने 880 फूट बोलले होते. तो लेख मात्र लॅटिन आहे.

ग्रीक लिहिण्याची तऱ्हाही पाहण्याजोगी. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, आणि स्पेलिंग पुष्कळदा उच्चाराप्रमाणे. आमच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर लाल शाई ओतणारे मास्तर तेथे असते, तर त्यांनी अर्धी जमीन पुन्हा उखडायला लावली असती.

मौज अशी की, जमिनीवर काय लिहू नये याचाही कायदा झाला होता. सम्राट दुसऱ्या थिओडोसिअसने इ. स. 427 मध्ये हुकूम काढला की, क्रूसाचे चिन्ह जमिनीवर काढू नये. पवित्र खुणेवर पाय पडू नये, हा हेतू उघड आहे. माणसांच्या नावांना मात्र ही मनाई नव्हती. ती पायाखाली येत राहिली. किंबहुना तीच त्यांची इच्छा असावी. जो आत येईल त्याने खाली पाहावे आणि दोन शब्दांची प्रार्थना आपल्यासाठी करावी, एवढेच मागणे.

अशा लेखांतला फार जुना एक इस्राएलमध्ये मेगिद्दो येथे सापडला. तेथल्या तुरुंगाच्या आवारात 2005 साली बांधकामापूर्वीचे उत्खनन चालू होते, आणि खणणाऱ्यांत कैदीही होते. उत्खनकांच्या मते ती जमीन इ. स. 230 च्या सुमाराची; म्हणजे रोमन राज्यात ख्रिस्ती धर्माला अजून मान्यता नव्हती तेव्हाची. गायानुस ऊर्फ पोर्फिरिओस या रोमन सैन्यातल्या शतपतीने स्वतःच्या पैशाने ती करविली. काम कोणी केले तेही लिहिले आहे: ब्रूतिओसने. अकेप्तूस नावाच्या भाविक स्त्रीने येशू ख्रिस्ताच्या स्मरणार्थ मेज अर्पण केले. आणि एका चौकटीत चार बायकांची नावे, प्रिमिला, किरियाका, दोरोथेआ व ख्रेस्ते. त्यांनी काय दिले, काय सोसले, याची एक ओळही नाही. फक्त, त्यांची आठवण ठेवा.

पुन्हा उम्म अर-रसासकडे येऊ. तेथल्या वेदीपुढच्या लेखात 650 हे वर्ष दिले आहे. रोमनांनी अरबस्तानाचा प्रांत इ. स. 106 मध्ये स्थापला, तेव्हापासूनची ती गणना, म्हणजे इ. स. 756. रोमनांचे राज्य तेथून जाऊन शंभरावर वर्षे लोटली होती, खलिफांचा अंमल होता, तरी गावकरी जुन्याच शकाने वर्षे मोजत होते आणि ग्रीकमध्येच लिहीत होते. कारागिराचे नाव स्ताव्राखिओस, हेस्बान गावचा, झादाचा मुलगा. जोडीला त्याचा सहकारी एव्रेमिओस. पुढे केव्हातरी जमिनीवरच्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या आकृती कोणीतरी नाहीशा केल्या. खडे उपटून तेच खडे अस्ताव्यस्त बसविले. देणगीदारांचे चेहरे गेले. अक्षरांना मात्र कोणी हात लावला नाही.

त्याच चर्चच्या मधल्या दालनात आणखी एक लेख आहे. भाच्याने माहितीपुस्तकातून त्याचा अर्थ वाचून दाखविला. खडे बसविणाऱ्यांची आठवण ठेव, असे तेथे देवाला विनविले आहे. नावे दिलेली नाहीत. ती तू जाणतोसच, एवढेच म्हटले आहे. 'ज्यांची नावे देवाला ठाऊक आहेत' हा शब्दप्रयोग या लेखांत ठिकठिकाणी येतो. कोणी विनयाने नाव झाकले असेल, कोणाचे नाव लिहिण्याजोगे कोणाला वाटले नसेल. खडे सारखेच, अक्षरेही तितकीच मेहनतीने बसविलेली.

मी तेथे बराच वेळ उभा राहिलो. तिसऱ्या पायरीचे पैसे आजोबांनी दिलेले नव्हते. ते वारल्यावर आजीने आपल्या पाटल्या मोडून ती पायरी घातली, हे मला आईकडून पुष्कळ उशिरा कळले. मी तसाच उठून आजीला विचारले होते, "मग तुझं नाव का नाही घातलंस?"

दिवाळीचे दिवस होते. आजी अंगणात पणत्यांना वाती घालीत बसली होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "त्याला ठाऊक आहे की. तू ते तेलाचं भांडं दे इकडे."