विनंतीच्या रीती आणि अपयशाचा अर्थ

२००९ साली रायन डाल यांनी सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविणारी ‘नोड’ ही प्रणाली पुढे आणली. तिच्या मूळ एचटीटीपी मॉड्यूलात दुसऱ्या सर्व्हरचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी येई. ते जुळविण्याचे काम प्रोग्राम लिहिणाराकडेच असे. ‘रिक्वेस्ट’ लायब्ररीने हा व्याप वाचविला. तीही २०२० साली कालबाह्य ठरविण्यात आली. २०२२ च्या नोड १८ पासून ब्राउझरमधील ‘फेच’ तेथे थेट उपलब्ध झाले. या क्रमात केवळ सोयीची वाढ पाहणे अपुरे होय. खरा भेद अर्थाचा आहे. ‘४०४’ असे उत्तर आले, तरी ‘फेच’च्या लेखी विनंती सफलच, ‘ॲक्सिऑस’ मात्र, निराळे न सांगितल्यास, तीच चूक मानते. तेव्हा एक रीत सोडून दुसरी घेताना नुसती नावे बदलून भागत नाही. उत्तराचा स्थितिअंक तपासला नाही, तर नकाराचा मजकूरच माहिती म्हणून निमूटपणे साठविला जातो.