खदानीचं गाव आणि हिमाद्री



विषयाचा फलक लागल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला जातोय. मे महिन्यात जिथं पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्या सावनेरात बसून उत्तर ध्रुवाच्या गोष्टी कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही काही आर्क्टिकला जाऊन आलेलो नाही. जे सांगणार ते वाचून, ताडून पाहून सांगणार. पण वाचता वाचता एक गाव सापडलं आणि ते इतकं ओळखीचं वाटलं, की म्हटलं, हे सावनेरच्या लोकांना सांगितलंच पाहिजे. ते गाव कोळशाच्या खदानीचं आहे. निदान होतं.

नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून खूप उत्तरेला स्वालबार्ड नावाचा बेटांचा समूह आहे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, साधारण ७९ अंश उत्तर अक्षांशावर, न्यू-ऑलेसुंड आहे. तिथून ध्रुव जवळपास १२०० किलोमीटर. हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवत नाही, उन्हाळ्यात काही महिने मावळत नाही. या किनाऱ्यावर कोळसा आहे हे १६१० सालीच जोनास पूल नावाच्या इंग्रज व्हेल-शिकाऱ्याला दिसलं होतं. पण खदान सुरू व्हायला तीनशे वर्षं गेली. पहिलं महायुद्ध आलं, युरोपात कोळशाचे भाव चढले आणि १९१६ मध्ये किंग्ज बे नावाची नॉर्वेजियन कंपनी तिथं उतरली. घरं बांधली, छोटी आगगाडी आणली, धक्का बांधला. ते जुनं इंजिन आजही तिथं जपून ठेवलंय.

१९२६ मध्ये या गावाचं नाव जगभर झालं. अमुंडसेन आणि नोबिले 'नॉर्गे' नावाचं हवाई जहाज घेऊन ११ मे रोजी तिथून निघाले आणि ध्रुवावरून जाऊन अलास्कात उतरले. ते जहाज बांधायचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. शाळेच्या पुस्तकांत येतो तो हा भाग. खदानीत उतरणाऱ्या माणसांचा भाग येत नाही.

तो भाग असा. तिथल्या कोळशात वायू फार. १९२९ मध्ये काम बंद पडलं, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि मग स्फोटांची रांगच लागली. १९४५ पासून शेवटापर्यंत सत्तरहून जास्त माणसं गेली. गाव केवढं, तर काही शे वस्तीचं. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी झालेल्या स्फोटात २१ खाणकामगार मेले. आता नीट ऐका. खदान सरकारी मालकीची होती. चौकशी झाली, सुरक्षेकडे दुर्लक्ष झाल्याचा ठपका आला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये नॉर्वेच्या संसदेत पंतप्रधान आयनार गेरहार्डसेन यांच्या सरकारवर अविश्वास ठराव मंजूर झाला. सरकार पडलं. नंतरचं सरकार महिनाभरही टिकलं नाही आणि गेरहार्डसेन परत आले, ते वेगळं. पण ध्रुवाजवळच्या एका खदानीतल्या २१ मजुरांसाठी राजधानीतलं सरकार गेलं, हे आपल्यासारख्या खदानीच्या गावानं ध्यानात ठेवावं असं आम्हाला वाटतं.

खदान कायमची बंद झाली. घरं उभी, वीजघर उभं, धक्का शाबूत, माणूस नाही. अशा जागेचं काय करायचं? १९६७ मध्ये युरोपच्या अंतराळ संशोधन संघटनेनं तिथं उपग्रहांशी संपर्क ठेवणारं केंद्र उघडलं. ध्रुवावरून फिरणारा उपग्रह दर फेरीत ध्रुवाजवळ येतो, म्हणून जागा सोयीची. पाठोपाठ नॉर्वेची ध्रुवीय संस्था वर्षभर मुक्कामाला आली. १९९० मध्ये जवळच्या झेपेलिन डोंगरावर हवा मोजणारी वेधशाळा झाली. मग जर्मनी, ब्रिटन, जपान, कोरिया, चीन असे एकेक देश आले. आणि कंपनी? किंग्ज बे कंपनी बुडाली नाही. ती आजही त्या गावाची मालक आहे, फक्त कोळसा काढायच्या ऐवजी शास्त्रज्ञांना घरं भाड्यानं देते, जेवण पुरवते, बोटी चालवते.

आपली माणसं तिथं पोहोचली ती ऑगस्ट २००७ मध्ये. भूवैज्ञानिक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गेली. सूक्ष्मजीव, वातावरण आणि भूशास्त्र हे तिचे विषय. १ जुलै २००८ रोजी त्याच गावातल्या एका इमारतीत 'हिमाद्री' हे भारताचं केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातून चालतो, वास्को-द-गामाजवळच्या सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. कोणाला वाटेल, भारताला तिथं जागा मिळाली कशी? ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसला स्वालबार्डचा करार झाला, त्यावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचंही नाव होतं. पारतंत्र्यात, आपल्याला न विचारता झालेली सही, पण ८८ वर्षांनी ती कामी आली.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. गावाच्या कडेला एक इमारत आहे, नाव ग्रुवेबादेत. म्हणजे खदानीचं न्हाणीघर. पाळी संपली की मजूर तिथं अंगावरची काजळी धूत. २०१६ पासून त्याच इमारतीत भारताची वातावरण प्रयोगशाळा आहे. ढग, पडणारं बर्फ आणि हवेतले सूक्ष्म कण तिथं मोजले जातात, त्यात काजळीही आली. काजळीचा बारीक थर बर्फावर बसला, की बर्फ ऊन परत फेकत नाही, शोषून घेतो आणि लवकर वितळतो. खापरखेड्याची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पाहिलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

मग एक शंका येते. तिथंही कोळसा, इथंही कोळसा, तर दोन्ही एकच का? नाही. न्यू-ऑलेसुंडचा कोळसा साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या पश्चिमेकडच्या काळ्या पाषाणाच्या लाव्हापेक्षा थोडा अलीकडचा. त्या काळी तिथं दलदल होती, जंगल होतं. आपला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, आणि तो तयार झाला तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या खूप दक्षिणेला होती. म्हणजे आपलं जुनं नातं उत्तर ध्रुवाशी नाही, दक्षिणेशी आहे.

याचा पुरावा आपल्याच तालुक्यात निघाला. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याला माहीत आहे, ते मिशनरी होते आणि दगडांचे वेडेही होते. कामठी आणि सिल्लेवाडा इथल्या वालुकाश्मातून त्यांनी पानांचे ठसे गोळा करून लंडनला पाठवले. बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. त्यात ग्लोसोप्टेरिस नावाचं जिभेच्या आकाराचं पान आहे. पन्नासेक वर्षांनी, १९१२ मध्ये, कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड सापडले. त्या दगडांतही ग्लोसोप्टेरिसच होतं. अंगात चालायचं बळ नव्हतं, तरी दगड टाकले नव्हते.

आणि आपल्या कोळशाच्या थरांच्याही खाली काय आहे? बर्फानं आणलेले गोटे. १८५६ मध्ये ओडिशातल्या तालचेर इथं काम करणाऱ्या तीन तरुण भूवैज्ञानिकांनी, म्हणजे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी, चिखलात अडकलेले मोठमोठे धोंडे पाहिले आणि हे बर्फाचं काम असावं असं लिहिलं. उष्ण कटिबंधात बर्फ! लोकांचा विश्वास बसेना. पुढे आपल्या चंद्रपूरकडे, इरई गावाजवळ, फेडन यांना चुनखडकावर बर्फाच्या ओढीनं पडलेले समांतर ओरखडे दिसले, ते त्यांनी १८७५ मध्ये छापलं. तेव्हा कुठं शंका मिटायला लागली.

या ब्लॅनफर्ड बंधूंपैकी हेन्री ब्लॅनफर्ड आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. दगडातलं जुनं बर्फ ओळखणारा हा माणूस पुढे हवामानाकडे वळला आणि १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. लगेच १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला. सरकारला पाऊस आधी कळायला हवा होता. १८८४ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी मांडलं, की हिमालयात हिवाळ्यात बर्फ जास्त पडलं तर पुढचा पावसाळा कमी येतो. पांढरी जमीन ऊन परत फेकते, उशिरा तापते आणि समुद्रावरच्या वाऱ्यांना ओढणारी उष्णता कमी पडते. कास्तकाराच्या पऱ्हाटीचा हिशेब दूरच्या बर्फात शोधायला इथून सुरुवात झाली. पण १८९९ साली पाऊस चांगला होईल असा सरकारी अंदाज होता, आणि पडला तो भयंकर दुष्काळ. मध्य प्रांत आणि वऱ्हाडानं तो भोगला. अंदाज चुकला की माणसं मरतात, हे त्या खात्याला तेव्हा कळलं.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. कारण आज पुन्हा तसाच दावा आपल्यापुढे आहे, फक्त बर्फ हिमालयाऐवजी आर्क्टिकचं. १९७९ पासून पाहिलं तर आर्क्टिक सगळ्या जगाच्या मानानं जवळजवळ चौपट वेगानं तापलंय. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. त्यातलं उन्हाळी बर्फ कमी झालं, तर वरच्या थरांतल्या वाऱ्यांची लाट आशियापर्यंत वाकते आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये एकाएकी धो-धो पाऊस पडण्याची शक्यता वाढते, असा संबंध गोव्याच्या संशोधकांनी दाखवलाय. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे सोयाबीन उभं असतं. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. "ध्रुव वितळला म्हणून आमच्याकडे गारपीट" असं कोणी सांगितलं, तर १८९९ आठवा आणि किती वर्षांच्या नोंदी आहेत ते विचारा.

नोंदींसाठीच तर तिथं जायचं. जुलै २०१४ मध्ये न्यू-ऑलेसुंडसमोरच्या खाडीत, १९२ मीटर खोल पाण्यात, 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ भारतानं सोडली. ती वर्षभर पाण्याचं तापमान, क्षार, प्रवाह मोजते. अटलांटिकचं कोमट पाणी आता त्या खाडीत जास्त शिरतं, २००६ नंतर हिवाळ्यातसुद्धा ती पूर्वीसारखी गोठत नाही. डिसेंबर २०२३ पासून भारताची हिवाळी मोहीमही सुरू झाली. त्याआधी अंधाराच्या महिन्यांत आपली माणसं तिथं नसायची आणि नोंदींत तेवढं भोक राहायचं.

हिवाळ्यातल्या त्या अंधारात ध्रुवीय प्रकाश दिसतो. सूर्यावरून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वाटेनं ध्रुवाजवळ वरच्या हवेत उतरतात, त्याची ती झळाळी. यातही महाराष्ट्र जुना आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय सुई पाहत बसणारी माणसं होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून प्रचंड वादळ आलं, तेव्हा कुलाब्याची सुई सुमारे १६०० नॅनोटेस्लानं खाली गेली. ती नोंद वहीत होती म्हणून दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांना त्या वादळाचं माप काढता आलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर, नोंदी बिघडू नयेत म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभी केली आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. नोंदींचा धागा तुटू दिला नाही.

टिळकांचं काय, हा प्रश्न शेवटी येणारच, म्हणून आताच. लोकमान्यांनी १९०३ च्या इंग्रजी ग्रंथात आर्यांचं मूळ घर आर्क्टिकमध्ये मांडलं. हिमयुग साधारण दहा हजार वर्षांपूर्वी संपलं हे त्यांनी अमेरिकन भूशास्त्रज्ञांकडून घेतलं, आणि ती तारीख आजही बरीचशी टिकून आहे. पण त्याच्या आधी ध्रुवावर राहण्याजोगं हवामान होतं, हा भाग टिकला नाही. त्याआधी हजारो वर्षं तिथं नुसतं बर्फ होतं. कैदेत आणि खटल्यांच्या धामधुमीत एवढं ताजं भूशास्त्र वाचणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला आदरच आहे. निष्कर्ष मात्र पुराव्यानं सोडून दिला.

आता आपल्या खदानींबद्दल. सावनेर, सिल्लेवाडा, पाटणसावंगी, वलनी, आज ना उद्या एकेक मुहाना बंद होणार. जमिनीखालच्या पाण्याची पातळी, रोज किती पाणी उपसलं, कुठल्या थरात किती वायू, बोअरमधून निघालेले दगडांचे गाभे, हे सगळं दशकानुदशकं मोजलं गेलंय. एका निवृत्त कामगार काकांनी आम्हाला सांगितलं, त्यांच्या जुन्या खदानीतली पंपाची रजिस्टरं रद्दीत गेली. कुठली खदान ते इथं नको. पण ज्यांच्या घरी अशी एखादी वही, नकाशा, फोटो असेल, त्यांनी टाकू नये. आम्ही दर रविवारी सकाळी याच सभागृहात बसतो, घेऊन या, आम्ही पानन् पान फोटो काढून ठेवू आणि वही तुम्हाला परत देऊ.

दाराजवळच्या टेबलावर सिल्लेवाड्याकडचा एक लालसर दगड ठेवलाय. उजेडात तिरपा धरा, म्हणजे पानाची मधली शीर दिसेल. मुलांना आधी पाहू द्या. प्रश्न असतील तर आता विचारा.