खडकावरची होडी

बुलढाणें जिल्ह्यांत खारें पाणी पाहावयाचें असेल तर लोणारला जावें. उल्केच्या आघातानें झालेल्या तेथील सरोवराचें पाणी इतकें क्षारयुक्त आहे कीं त्यांत मासा जगत नाहीं. लवणासुराची कथा त्या पाण्याला चिकटली. मासेमाराला मात्र तेथें काम नाहीं. जिल्ह्यांत मासे धरावयाचे ते गोड्या पाण्यांत, पूर्णेच्या आणि पैनगंगेच्या डोहांत. या डोहांवरील भोयांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. तळाशीं खडक असला कीं जाळें फाटतें. तेथें गळच हवा. कोंकणांतील लहान होडीचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर भोयाच्या याच अनुभवापासून आरंभ करणें सोयीचें आहे.

मालवणच्या किनाऱ्यासमोर खडकांची मोठी दाटी आहे. त्यांतील कांहीं ओहोटीला डोकें वर काढतात, तर कांहीं बारा महिने पाण्याखालीं असतात. कित्येकांवर प्रवाळ वाढलें आहे. तांबोशी, गोबरा आणि शेवंड यांचें घर अशाच ठिकाणीं, कपारींत असतें. वाळूच्या किनाऱ्यावर शेंकडों हातांनीं रांपण ओढतां येते. पण या खडकांवर ती काय कामाची? येथें दोन किंवा तीन माणसांची होडी न्यावी आणि शिशाचें वजन बांधलेला गळ तळाशीं सोडावा, हाच मार्ग. जाळ्याला जें अडवितें तेंच गळाला साहाय्य करतें. म्हणून ज्याच्यापाशीं मोठ्या जाळ्याचें भांडवल नाहीं, त्याच्यासाठीं हा खडक म्हणजे जणूं राखून ठेवलेलें शेत होतें.

होडी अरुंद असते आणि तिला उलांडी असते. एका बाजूस दोन आडवे दांडे बांधून त्यांच्या टोकांशीं एक ओंडका पाण्यावर तरंगत ठेवतात. त्यामुळें लाटेवर होडी सहसा कलंडत नाहीं. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यांत काम केलेल्या जेम्स हॉर्नेल या इंग्रज अभ्यासकानें १९२० सालीं हिंदी नौकांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्यावरील अशा होड्यांचें नातें त्यानें पूर्वेकडील मलाया द्वीपसमूहाशीं जोडलें होतें. हें नातें कोणीं ग्राह्य मानावें, कोणीं न मानावें. परंतु मालवणचा अशिक्षित म्हणून हिणविला जाणारा कोळी किंवा गाबीत ज्या लांकडावर बसतो, त्याचा वंश सातां समुद्रांपलीकडे शोधावा लागतो, ही गोष्ट कांहीं लहान नाहीं.

पाण्याखालचा खडक दिसत नाहीं. मग तो सांपडावा कसा? येथेंच या धंद्याची खरी विद्या आहे. होडी किनाऱ्यापासून दूर गेली म्हणजे मासेमार पाठीमागें वळून जमिनीकडे पाहतो. देवळाचा कळस आणि त्यामागील डोंगराचें टोंक एका रेषेंत आलें कीं ती रेषा तो सोडीत नाहीं. त्याच रेषेंत पुढें जातां जातां दुसऱ्या बाजूला एखादें ताडाचें झाड आणि किल्ल्याचा बुरूज एकावर एक येतात. जेथें या दोन रेषा एकमेकींस छेदतात, तेथें खालीं खडक! भूमितीच्या वर्गांत मुलांना जें फळ्यावर शिकवावें लागतें, तें येथें बाप मुलाला वल्ह्यावर बसवून शिकवीत असे. अशा खुणा घराबाहेर सहसा सांगत नसत. मुलीचें लग्न ठरवितांना शेताचा बांध दाखवितात, पण खडकाची खूण जांवयालाही लगेच कोण सांगणार?

खडक सांपडला तरी काम संपत नाहीं. प्रवाह कोणीकडून येतो तें पाहून नांगर वरच्या अंगास टाकावा लागतो, म्हणजे होडी मागें सरकून नेमकी खडकाच्या कडेवर येते. गोबऱ्यानें आमिष धरलें कीं पहिलाच ओढा जोराचा हवा. क्षणभर ढिलाई झाली तर तो कपारींत शिरतो आणि मग दोर तुटतो, मासा येत नाहीं. जाण्यायेण्याची वेळ वाराच ठरवितो. पहांटेच्या मतलई वाऱ्यावर शीड उभारून बाहेर जावें आणि दुपारीं खाऱ्या वाऱ्याबरोबर परतावें. ज्यानें हा हिशेब चुकविला, त्याला वल्हीं मारीत घरीं यावें लागे. आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं चुकविला, तर कित्येकदां घरीं येणेंच होत नसे.

हेच खडक राजकारणालाही उपयोगी पडले. १६६४ च्या नोव्हेंबरांत किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्याची पूजा करून शिवाजीमहाराजांनीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, आणि सुमारें तीन वर्षांत तट उभा राहिला. भोंवतालच्या खडकांतून वाट काढावयाची ती माहीतगारानेंच. अनोळखी जहाजाला तेथें धोका होता. जी जाण मासा मिळवून देत होती, तीच किल्ल्याला राखीत होती. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं गुराबा आणि उथळ पाण्यांत चालणारीं गलबतें यांच्या बळावर इंग्रजांस जेरीस आणलें. १७१७ सालीं विजयदुर्गावर आलेला इंग्रजी हल्ला फसला. १७२९ सालीं कान्होजी वारले. १७५६ च्या फेब्रुवारींत पेशव्यांच्या सहकार्यानेंच इंग्रजांनीं तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला आणि बंदरांतील आरमार जळून गेलें. पुण्याचें हें शहाणपण कितपत शहाणपणाचें होतें, याचा निवाडा काळानें केव्हांच केला आहे.

आंग्र्यांचें नांव मात्र समुद्रांतच राहिलें. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरवर, म्हणजे बुलढाण्याहून अकोल्यास जावें साधारण तितक्या अंतरावर, पाण्याखालीं एक विस्तीर्ण पठार आहे. नकाशावर तें आंग्रिया बँक या नांवानें ओळखलें जातें. लांबी सुमारें ४० किलोमीटर, माथा पाण्याखालीं सुमारें २० मीटर, आणि वर प्रवाळाची वसाहत. उलांडीच्या होडीचा तेथें पाड लागत नाहीं. तेथें यांत्रिक नौकाच जातात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे राज्याचा मासेमारीचा कायदा चालत नाहीं, तेव्हां या पठाराची राखण केंद्र सरकारकडे येते.

जवळच्या खडकांचा प्रश्न निराळा आहे. १९८७ सालीं मालवण येथें २९.१२ चौरस किलोमीटरचें सागरी अभयारण्य जाहीर झालें, तेव्हां मासेमारांनीं त्यास विरोध केला. प्रवाळ वांचवावयास निघालेले लोक प्रथम आपलीच होडी अडवितील, ही त्यांची भीति निराधार म्हणतां येणार नाहीं. कारण प्रवाळ राहिलें तें मुख्यतः त्यांच्या गळामुळें नव्हे, तर त्यांच्या गळाशिवाय दुसरें साधन तेथें चालत नव्हतें म्हणून. तें दिवस मात्र गेले. यांत्रिक नौका आल्या, पर्ससीन जाळीं आलीं, मासा खालून वर बोलाविणारे प्रखर दिवे आले. १९८१ च्या कायद्याखालीं राज्यानें २०१६ सालीं पर्ससीनवर निर्बंध घातले आणि २०१७ सालीं केंद्रानें दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. तरीही लहान होडीवाल्यांच्या तक्रारी त्यानंतर थांबल्या नाहींत.

देवळाच्या कळसाची आणि ताडाची खूणही आतां पूर्वीची राहिली नाहीं. उपग्रहावरून स्थान सांगणारें यंत्र खिशांत मावतें, आणि ज्याला दोन आंकडे मिळाले त्याला खडक मिळाला. सिंधुदुर्गाच्या आसपास सकाळीं ज्या होड्या नांगर टाकतात, त्यांतील कित्येकींत गळ नसतो. प्रवाळ पाहण्यासाठीं पाण्याखालीं उतरणारे पाहुणे असतात, आणि त्यांना खडक दाखविणारा तरुण पुष्कळदां मासेमाराचाच मुलगा असतो. नांगर प्रवाळावर न टाकतां शेजारच्या वाळूवर कोठें टाकावा, हें त्याला बापानें शिकविलेलें असतें.