१९४५, १९६१, १९८२… बोर्दोच्या वाईनमध्ये 'साल' बघूनच बाटली का घेतात?

नोव्हेंबर २०१० मध्ये जिनिव्हात एका बाटलीचा लिलाव झाला. बाटली मोठी होती, सहा लिटरची, म्हणजे साध्या आठ बाटल्यांएवढी वाईन एकीत. वाईनचं नाव शातो शेव्हाल ब्लाँ आणि साल १९४७. बोली गेली तीन लाख डॉलर्सच्या वर.

आता गंमत बघा. याच शेव्हाल ब्लाँची १९५६ ची बाटली कुणी स्वप्नातही मागत नाही. मळा तोच आहे, माती तीच आहे आणि पद्धतही बरीचशी तीच. बदललं फक्त साल.

मग या सालात असतं तरी काय? आणि एखाद्याला आयुष्यात एकदा अशी वाईन घ्यायचीच असेल, तर त्याने कोणतं साल निवडावं?

आधी बोर्दो म्हणजे काय ते बघू

बोर्दो हे फ्रान्सच्या नैऋत्येचं शहर. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या इथून जवळच एकत्र येतात आणि जिरोंद नावाची खाडी होऊन अटलांटिकला मिळतात. या पाण्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे आहेत.

डाव्या काठावर खडीची जमीन. तिथे कॅबर्ने सॉव्हिन्यों या द्राक्षाचं राज्य. या काठाची वाईन तरुणपणी करकरीत आणि तुरट लागते, पण वर्षानुवर्षं टिकते. उजव्या काठावर, म्हणजे सेंतेमिलियों आणि पोमेरोल भागात, चिकणमाती जास्त. तिथे मेर्लो हे द्राक्ष जास्त लावतात आणि वाईन मऊ, गोलसर होते.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्दोच्या वाईनची यादी करायला लावली. व्यापाऱ्यांनी बाजारभाव बघून प्रतवारी लावली. पहिल्या श्रेणीत चार तांबड्या वाईन आल्या : लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (होय, लातूरच. पण आपल्या लातूरशी याचा काही संबंध नाही.) मूताँ रोथशिल्डला पहिल्या श्रेणीत यायला थेट १९७३ साल उजाडलं. आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक, जे पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले.

यादी जवळपास तशीच राहिली, हवामान मात्र दरवर्षी बदलत राहिलं. म्हणून लेबलवर मळ्याच्या नावाइतकंच सालही महत्त्वाचं. साल म्हणजे बाटली भरल्याचं वर्ष नव्हे, तर द्राक्षं तोडली ते वर्ष.

एक साल कसं घडतं?

अवकाळी पावसाने आणि गारपिटीने बाग आडवी झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्या नाशिक-सांगलीकडच्या लोकांना हे लगेच कळेल. बोर्दोतही वर्षाचा निकाल चार टप्प्यांत लागतो.

एप्रिल-मेमध्ये हिमतुषार पडला तर कोवळे कोंब जळतात. जूनच्या आसपास फुलोऱ्याच्या वेळी थंडी-पाऊस आला तर फळधारणा कमी होते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन हवं, पण वेल सुकेल एवढं नको. आणि सप्टेंबरमध्ये, तोडणीच्या तोंडावर, पाऊस आला तर द्राक्षं पाण्याने फुगतात, सडतात आणि रस पातळ होतो.

चारही टप्पे नीट पार पडले की मोठं साल. यातला एक जरी बिघडला तरी वर्षाची मेहनत मार खाते. १९५६ च्या फेब्रुवारीत एवढी कडाक्याची थंडी पडली की उजव्या काठावरचे कित्येक वेल मुळापासून मेले.

स्वप्नातली सालं कोणती?

१९४५ : युद्ध संपलं ते वर्ष. मेच्या सुरुवातीला हिमतुषाराने बरंच पीक गेलं, मग कडक उन्हाळा आला. जी थोडी द्राक्षं उरली, त्यांच्यात सगळा अर्क उतरला. मूताँने त्या वर्षीच्या लेबलवर विजयाचा 'व्ही' छापला. ती बाटली आजही संग्राहकांच्या यादीत सगळ्यात वर असते.

१९४७ : उन्हाळा एवढा तापला की द्राक्षांत साखर प्रचंड वाढली आणि ती आंबवण्याची प्रक्रिया मध्येच अडली. शेव्हाल ब्लाँमध्ये थोडी साखर तशीच राहिली. पुस्तकी नियमाने पाहिलं तर ही वाईन सदोष. पण पिणाऱ्यांनी तिला दंतकथा केलं.

१९६१ : मेअखेरच्या थंडीने पीक निम्म्याहून खाली आणलं, पुढचा उन्हाळा कोरडा गेला. लातूर आणि पामेर या दोन वाईनचं नाव या सालामुळे अजरामर झालं.

१९८२ : भरपूर ऊन आणि भरपूर पीक. काही जाणकार म्हणाले, ही वाईन फारच पिकलेली आहे, टिकणार नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट पार्कर नावाच्या वकिलाने मात्र आपल्या छोट्या वार्तापत्रात ठासून लिहिलं की हे महान साल आहे. त्याचं खरं ठरलं, आणि पुढची तीन दशकं वाईनचा जागतिक बाजार त्याच्या गुणांवर नाचला.

त्यानंतरची मानाची सालं म्हणजे १९९०, २०००, २००५, २००९, २०१० आणि २०१६. यातलं २००९ भरदार आणि लवकर खुलणारं, तर २०१० कडक शिस्तीचं, वाट बघायला लावणारं.

मग निवडायचं कसं?

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा : प्यायची कधी आहे? मोठ्या सालाची मोठी वाईन दहाव्या वर्षी उघडली तर ती तोंड आवळणारी, बंद बंद लागू शकते. तिला वीस-तीस वर्षं द्यावी लागतात. लवकर प्यायची असेल तर मध्यम साल जास्त आनंद देतं आणि स्वस्तही पडतं. २०१३ सारखं अवघड साल तर लवकर पिऊन संपवण्यासाठीच असतं.

दुसरा प्रश्न : मळा मोठा घ्यायचा की साल मोठं? खिसा मर्यादित असेल तर मोठ्या सालातला छोटा मळा घ्या. चांगल्या वर्षी ऊन सगळ्यांच्याच शेतावर पडतं. अनेक मोठे शातो आपली दुसरी वाईनही काढतात, जशी लातूरची 'ले फोर दे लातूर'. तीही एक वाट आहे.

तिसरा प्रश्न : बाटली इतकी वर्षं राहिली कुठे? आडवी, अंधारात, बारा-चौदा अंशांच्या स्थिर तापमानात ठेवलेली बाटलीच नीट म्हातारी होते. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली १९८२ ची लातूर म्हणजे महागडं व्हिनेगर. त्यात आयात वाईनवर भारतात अनेक वर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं, म्हणून बऱ्याच हौशी भारतीयांनी अशी बाटली परदेशातच चाखली.

सावधान, बाटली खोटीही असते

१९८५ साली लंडनच्या लिलावात १७८७ ची लाफित म्हणून एक बाटली एक लाख पाच हजार पौंडांना विकली गेली. तिच्यावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची आद्याक्षरं कोरलेली होती. ती बाजारात आणली होती जर्मनीच्या हार्डी रोडेनस्टॉकने. त्याच साठ्यातल्या चार बाटल्या घेतलेल्या बिल कॉक या अब्जाधीशाने पुढे चौकशी लावली. तज्ज्ञांनी सांगितलं, ही अक्षरं विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरली आहेत. जेफरसनच्या काळात असं हत्यार कुठून येणार?

रूडी कुर्नियावान या तरुणाने तर कॅलिफोर्नियातल्या घरातच जुन्या वाईन 'बनवल्या'. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. थोडक्यात, बाटली कुणाकुणाच्या हातून आली याचा कागद नसेल तर साल कितीही मोठं असो, हात लावू नका.

आणि 'गुंतवणूक' म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर आणखी सावध. बोर्दोत वाईन पिंपात असतानाच आगाऊ विकतात. २००९ आणि २०१० ची लाफित अशीच चढ्या भावात घेतलेले लोक पुढे बराच काळ तोट्यात बसले होते.

या चमकदार गोष्टीची दुसरी बाजू

लाखोंच्या बोली लागतात त्या मूठभर मळ्यांवर. बोर्दोतले हजारो साधे शेतकरी स्वस्त वाईन करतात आणि तिचा खप घटत चालला आहे. २०२३ पासून सरकारी अनुदान घेऊन तिथे हजारो हेक्टर द्राक्षवेल उपटले जात आहेत. दुसरीकडे उन्हाळे तापताहेत, म्हणून २०२१ मध्ये उष्णता सोसणाऱ्या सहा नव्या जातींना परवानगी मिळाली. एकेकाळी दहा वर्षांत एखादं गरम साल यायचं, ते आता वारंवार येतं. उद्याचं १९६१ कसं असेल, हे आज तिथल्या माणसालाही ठरवता येत नाही.

म्हणून जुन्या रसिकांचा सल्ला सोपा आहे. नामांकित साल मिळालं म्हणून बाटली देवघरात ठेवल्यासारखी जपत बसू नका. तिचाही एक काळ असतो, आणि तो उलटला की महान साल फक्त लेबलवर उरतं. उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ खाली बसू द्या, आणि चव कळणारी चार माणसं बोलवा. लेबल जपणाऱ्यापेक्षा बाटली वेळेवर उघडणाऱ्याच्याच वाट्याला ते साल येतं.