रेझर परत आला म्हणे! पण गेला कुठे होता?

आजोबांच्या काळातला दोन धारांचा सेफ्टी रेझर परत आलाय, अशी चर्चा गेली काही वर्षं सुरू आहे. जड धातूची मूठ, पिळून उघडणारं डोकं, आत कागदात गुंडाळलेलं पातळ ब्लेड. शहरातली पोरं तो हौसेने घेतात आणि साबणाचा फेस ब्रशने काढतात. माझ्या पीएचडीचा विषय भंडारा जिल्ह्यातल्या घरांमधली छोटी अवजारं हा आहे, त्यामुळे ‘परत आला’ म्हटलं की मला लगेच विचारावंसं वाटतं, कोणाकडे परत आला? (मुलगी असून दाढीवर संशोधन का, हे मला आत्तापर्यंत बऱ्याच जणांनी विचारून झालंय. उत्तर खाली येईलच.)

डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ हे पुस्तक २००६ साली आलं. त्यांचं म्हणणं असं की आपण तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहितो, वापराने लिहीत नाही. नवीन वस्तू आली की जुनी संपली असं धरून चालतो. रेझरच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे.

आधी थोडक्यात शोधाची गोष्ट. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याने फेकून देण्याजोग्या पातळ ब्लेडचा रेझर १९०३ मध्ये विकायला काढला. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात हा रेझर गेला. ‘रेझर फुकट द्या, ब्लेडवर कमवा’ ही युक्ती जिलेटची, असं मॅनेजमेंटच्या वर्गात अजून शिकवतात. पण रँडल पिकर या अभ्यासकाने दाखवून दिलंय की पेटंट असेपर्यंत जिलेटचा रेझर चांगला पाच डॉलरला होता, म्हणजे त्या काळात महागच. किंमत पडली ती १९२१ मध्ये पेटंट संपल्यावर.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. मधे लांब खाच असलेला आजचा ब्लेडचा आकार १९३० च्या सुमारास ठरून गेला आणि मग तो कोणा एकाचा राहिला नाही. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मल्होत्रा कुटुंबाच्या कंपन्यांनी टोपाझ, लेझर, सुपर-मॅक्स अशी ब्लेडं काढली. त्यातलं सुपर-मॅक्स तर आपल्या ठाण्याचं. ठाण्यात बनलेलं ब्लेड बॉस्टनच्या साठ-सत्तर वर्षं जुन्या रेझरमध्ये आजही बसतं. कार्ट्रिजचं तसं नाही. एका कंपनीचं डोकं दुसरीच्या मुठीवर सहसा बसत नाही, आणि बसू नये अशीच त्याची रचना असते.

आता भंडाऱ्याकडे येऊ. रेझर यायच्या आधी इथे दाढी ही स्वतः करायची गोष्टच नव्हती. ती म्हाली करायचा. (आमच्याकडे न्हाव्याला म्हाली म्हणतात.) धोकटीत वस्तरा, धार लावायची चामड्याची पट्टी, वाटी आणि तुरटी घेऊन तो घरोघर फिरायचा. मोबदला रोख नसायचा. धानाची कापणी झाली की खळ्यावरून ठरलेला वाटा मिळायचा, शिवाय लग्नात, बारशाला, मयतीला मानाचं काही. त्यामुळे दाढी कोणाची करायची आणि कोणाची नाही, हे म्हाली एकटा ठरवत नसे, गाव ठरवत असे. आणि गावाने ठरवलं होतं की अस्पृश्य मानलेल्यांची करायची नाही. त्याने केलीच असती, तर बाकीच्या गावाने त्याच्याकडून दाढी करून घेणं बंद केलं असतं आणि धानाचा वाटाही गेला असता.

म्हणजे म्हाली निव्वळ गावाचा हुकूम पाळणारा होता का? तसंही नाही. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं जाहीर केलं होतं. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधक मंडळी होती. वस्तरा कोणावर चालवायचा नाही, हे ठरवण्याची ताकद संघटित झाल्यावर त्यांच्याही हातात आली होती. पण मुंबईत रोखीने धंदा करणं वेगळं आणि खळ्यावरच्या वाट्यावर जगणं वेगळं.

गांधींच्या आत्मकथेत याच्याशी जुळणारा एक प्रसंग आहे. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी मशीन विकत आणून आरशासमोर स्वतःच केस कापले. ते वेडेवाकडे कापले गेले आणि कोर्टात लोक हसले. पण गांधी त्या न्हाव्याला दोष देत नाहीत. काळ्यांचे केस कापले असते तर त्याची गिऱ्हाइकं गेली असती, आणि आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा करू देत नाही, असं ते लिहितात.

१९५४ मध्ये डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. पुढच्याच वर्षी अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणं गुन्हा ठरलं. कायदा झाला म्हणून म्हाली दुसऱ्या दिवशी वस्तीत आला, असं अर्थातच नाही. लाखनी तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक मला सांगत होते, त्यांच्या वडिलांना तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणीत काम लागलं आणि पहिल्या काही पगारांतून त्यांनी रेझर घेतला. त्याआधी वस्तीतलीच माणसं एकमेकांची दाढी करायची. ‘गावच्या म्हाल्याकडे आमाले बसताच येत नव्हतं,’ ते म्हणाले. तो रेझर घरातल्या सगळ्या पुरुषांनी वापरला.

दाढीवर संशोधन का, याचं उत्तर हे आहे. कंपन्यांच्या इतिहासात सेफ्टी रेझर म्हणजे वेळ वाचवणारी, कापण्याची भीती कमी करणारी वस्तू. इथल्या काही घरांत ती कोणापुढे हनुवटी करायची गरज संपवणारी वस्तू होती. दुकानदार पैसे मोजून घेतो आणि ब्लेडचं पाकीट देतो, बस.

मग म्हाल्याचं काय झालं? रेझरने त्याचा धंदा बुडायला हवा होता. झालं उलटंच, त्याने ते ब्लेडच उचललं. कोणत्याही सलूनमध्ये बघा: कारागीर ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धं पातं वस्तऱ्यासारख्या मुठीत अडकवतो. एड्सच्या जनजागृतीनंतर ‘नवीन ब्लेड लावा’ हे गिऱ्हाईकच सांगू लागलं आणि दर दाढीला नवं पातं ही रीत पक्की झाली. साकोलीच्या एका सलूनवाल्या काकांना मी जुन्या वस्तऱ्याबद्दल विचारलं, तर ते हसले. ‘आता तो कोन वापरते, बाई?’ त्यांच्या कपाटात ब्लेडची पाकिटं मात्र रचून ठेवलेली होती.

म्हणजे अमेरिकेत १९७१ मध्ये दोन पात्यांचं ट्रॅक टू आणि १९९८ मध्ये तीन पात्यांचं मॅक थ्री आलं, तेव्हाही आपल्याकडे साधं ब्लेड रोज मोडलं जात होतं. जिलेटलाही हे उशिरा कळलं. भारतासाठी काढलेला एक रेझर त्यांनी आधी एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांवर तपासला होता. तिथे नळाला धो धो पाणी. इथे माणूस जमिनीवर बसून, एका पेल्यातल्या पाण्यात दाढी करतो, आणि त्या पाण्यात पात्यांमध्ये अडकलेले केस निघेनात. मग २०१० मध्ये एकाच पात्याचा ‘गार्ड’ आला, रेझर १५ रुपये आणि कार्ट्रिज ५ रुपये. म्हणजे एवढं करून गाडी पुन्हा एका पात्यावरच आली.

शहरी पुनरागमन त्यानंतरचं. बॉम्बे शेव्हिंग कंपनीने २०१६ मध्ये सुरुवातच धातूच्या सेफ्टी रेझरने केली. हौस, कार्ट्रिजची किंमत आणि प्लास्टिकचा कचरा ही तिन्ही कारणं खरी आहेत. त्यात मला तरी चेष्टेसारखं काही दिसत नाही, फक्त ‘आजोबांचा रेझर’ म्हणताना कोणाचे आजोबा, हे विचारावं.

एक व्यावहारिक गोष्ट, कारण हे वाचून काही जण घरातला जुना रेझर शोधतीलच. जुने चांगले रेझर पितळेचे असायचे, वर निकेलचा मुलामा. मुलामा गेला की पिवळं दिसतं, पण मूठ शाबूत राहते. आजचे बरेचसे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि ते आट्यांपाशी तुटतात. भंडारा हा पितळेच्या भांड्यांचा जिल्हा. पण घरोघरची पितळी भांडी मोडीत देऊन स्टील घ्यायची लाट आली, तेव्हा अडगळीतले पितळी रेझरही त्याच पोत्यात गेले. मला आत्तापर्यंत चारच बघायला मिळालेत. तुमच्याकडे असेल तर विकू नका, आणि तो घरात कोणी, कुठून आणला एवढं मात्र मला नक्की कळवा.