शहराचा वास आणि शहराचा स्वभाव

नाक हे इतिहासाचे साधन मानण्याची आपल्याकडे चाल नाही. कागद, नाणी, शिलालेख यांपुढे वासाला कोण विचारतो? तरीही एखाद्या शहराने आपली घाण कोणाच्या दारी लोटली हे पाहिले की त्याचा स्वभाव कळतो, असे आम्हांस वाटते. लंडनचेच घ्या.

टेम्सच्या दक्षिण काठी बर्मंडसे येथे शतकानुशतके कातडी कमावली जात. शहरातील श्रीमंतांना जोडे हवे होते, कातड्याचा वास नको होता. तो नदीपलीकडच्या गरिबांनी सोसला. १८५८ च्या उन्हाळ्यात मात्र वासाने ही शिवाशीव पाळली नाही. घरोघर पाण्याचे संडास आले होते आणि त्यांचा मैला टेम्समध्ये जात होता. जूनच्या उकाड्यात नदी अशी सडली की काठावरच्या पार्लमेंटात ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. मायकेल फॅरडे यांनी १८५५ सालीच पांढऱ्या कागदाचे कपटे नदीत टाकून पाहिले होते. ते इंचभर बुडण्याआधीच दिसेनासे होतात, असे त्यांनी वर्तमानपत्राला कळवले. कोणी हलले नाही. आता वास सभासदांच्याच नाकाशी आला, आणि ऑगस्टच्या आरंभी कायदा मंजूर झाला!

जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरांनी ८२ मैलांची मोठी गटारे बांधून काढली. गंमत अशी की, दुर्गंधीनेच पटकी होते अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. ती पाण्यातून पसरते हे सांगणारे डॉ. जॉन स्नो त्याच जूनमध्ये वारले. चुकीच्या समजुतीने काम मात्र योग्य झाले. सर्वांसाठी एकदम नव्हे. १८६६ साली पटकी आली ती पूर्व लंडनात, जेथे गटारांचे काम पुरे व्हायचे होते. सखल भागातले काम अवघड होते हे मान्य. पण मेली पाच हजारांहून अधिक माणसे, आणि ती बहुतेक कष्टकऱ्यांच्या वस्तीतली.

शिवाय मैला नाहीसा झालाच नव्हता. तो पूर्वेस नेऊन नदीतच सोडीत. १८७८ च्या सप्टेंबरात 'प्रिन्सेस ॲलिस' ही आगबोट दुसऱ्या जहाजाच्या धडकेने त्या मोऱ्यांजवळ बुडाली. सहाशेंवर माणसे गेली. जिवंत बाहेर काढलेल्यांपैकीही काही पुढे दगावली.

लंडनला नावे ठेवणे सोपे आहे. मुंबईतही कातडी कमावण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात शहराबाहेर धारावीकडे गेला, आणि पुढे शहरच वाढत तेथवर पोचले. त्या बाजूने आगगाडीतून जाताना आम्हीही नाकाला रुमाल लावला आहे. पायांत चपला कातड्याच्याच होत्या.